टाळी, बादली आणि टाळ : लहान मुलांच्या अंगात लय कशी रुजवायची

गणपतीत आरतीला उभं राहिलेलं अडीच-तीन वर्षांचं मूल बघा. सगळं घर एका लयीत टाळ्या वाजवत असतं आणि हे मूल मात्र भलत्याच वेगात, मनाला येईल तशा टाळ्या पिटत असतं. लगेच कुणीतरी म्हणतं, "ह्याच्यात काही लय नाही बुवा." शेजारच्या मुलाच्या चार टाळ्या बरोबर पडल्या, तर "हा तबलजी होणार!" असं कौतुक सुरू होतं. दोन्ही निकाल फार घाईचे आहेत, आणि पहिल्या निकालामुळे नुकसानही होतं. "तुला जमत नाही" हे मुलाच्या कानावर दोन-तीनदा पडलं की चौथ्यांदा ते टाळीसाठी हातच उचलत नाही.

लय ऐकू येण्याची सोय बाळ जन्मताना घेऊनच येतं. संशोधक इश्त्वान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेत तालाचा ठेका ऐकवला आणि मधेच त्यातली मुख्य, जोराची थाप गाळली. थाप गाळली गेल्याची दखल बाळांच्या मेंदूने घेतली होती. म्हणजे कान पहिल्या आठवड्यातच तयार असतो. हाताला मात्र वेळ लागतो. बाहेरच्या लयीशी आपला हात बऱ्यापैकी जुळवणं बहुतेक मुलांना चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास जमायला लागतं. कानाची तयारी आणि हाताची तयारी यांच्या मधली ही जी वर्षं आहेत, त्यांत घरी आणि बालवाडीत काय करता येईल, त्याबद्दल हा लेख आहे.

परळच्या बालवाडीत मुलांबरोबर काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. मुलाला लय लागते ती माणसाकडून. वाद्य त्यानंतर येतं, आणि महागडं वाद्य तर फारच नंतर. म्हणून पुढच्या पायऱ्यांत खरं वाद्य सगळ्यात शेवटी येईल.

सुरुवातीआधी

रोज दहा मिनिटं पुरेत. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं केव्हाही चांगली. तीन वर्षांच्या आतलं मूल तीन-चार मिनिटांत उठून गेलं तरी हरकत नाही, त्याला पकडून बसवू नका.

मुंबईत आणखी एक विचार करावा लागतो, तो शेजाऱ्यांचा. बादली थेट लादीवर ठेवून वाजवली की आवाज लादीतून खालच्या घरात उतरतो. खाली जुनी गोधडी दुहेरी घडी करून घाला, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. दुपारी एक ते चार ही वेळ टाळा. आपल्या इमारतीत रात्रपाळी करून आलेलं कुणी ना कुणी त्या वेळी झोपलेलं असतंच. आमच्या अनुभवात संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ सगळ्यांत बरी. मूल खेळून आलेलं असतं आणि स्वयंपाकघरातही भांड्यांचा आवाज चालूच असतो.

पायरी पहिली : मुलाच्या लयीत आपण शिरायचं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच बहुतेक घरांत गाळली जाते. आपण थेट "असं वाजव, माझ्यासारखं" यावर येतो.

मुलासमोर मांडी घालून बसा, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. मधे एक पालथी बादली ठेवा. काही सांगू नका, काही शिकवू नका. मूल बादलीवर थापा मारायला लागेल. त्याच्या प्रत्येक थापेबरोबर तुम्ही आपल्या मांडीवर हलकी थाप द्या. त्याने वेग वाढवला तर तुम्हीही वाढवा. ते थांबलं तर तुमचा हातही तिथेच थांबवा. साधारण अर्ध्या-एक मिनिटात मूल मान वर करून तुमच्याकडे बघतं. मग मुद्दाम थांबतं. तुम्हीही थांबला आहात हे दिसलं की हसतं आणि एकच थाप मारून पुन्हा बघतं. दोन माणसं एकाच वेळी एकच गोष्ट करू शकतात, हे त्याला त्या क्षणी कळलेलं असतं. पुढचं सगळं यावर उभं राहतं.

हे का करायचं? मोठ्या माणसाला सहज जमेल तसं वाजवायला सांगितलं तर मिनिटाला शंभराच्या आसपास थापा पडतात. चार वर्षांच्या मुलाची सहज लय त्यापेक्षा बरीच जलद असते, मिनिटाला दीडशेच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे. आपण आपल्या संथ लयीत टाळी धरून "माझ्याबरोबर वाजव" म्हणतो, तेव्हा त्याला न पेलणारी गोष्ट मागत असतो. लहान मुलासाठी हळू वाजवणं जलद वाजवण्यापेक्षा अवघड आहे. दोन थापांमधलं अंतर जितकं लांब, तितका वेळ पुढच्या थापेचा अंदाज मनात धरून ठेवावा लागतो. म्हणून सुरुवात मुलाच्या वेगाने करायची आणि काही आठवड्यांनी, तुमची जोडी जमली की, हळूच लय किंचित खाली आणायची. मूल तुमच्याबरोबर खाली आलं तर छान. नाही आलं तर तुम्ही परत वर जा.

हे काम मोबाइलवर सोपवू नका. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ साली अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना तीन प्रकारे ढोल वाजवायला लावला: समोर बसलेल्या माणसाबरोबर, ढोल वाजवणाऱ्या यंत्राबरोबर आणि नुसत्या स्पीकरच्या आवाजाबरोबर. माणसाबरोबर मुलांनी लय जास्त चांगली धरली. टीव्हीवरची बालगीतं ऐकवायला काहीच हरकत नाही, पण लय धरायला शिकवायची असेल तर समोर आजी, आजोबा, ताई, बाबा, कुणीतरी जिवंत माणूस हवं.

पायरी दुसरी : मांडी, टाळी, पाय

आता बादली बाजूला ठेवा. शरीरावरच्या थापांचाही एक क्रम आहे आणि तो पाळला तर मुलांची चिडचिड वाचते.

दोन्ही तळवे एकदम दोन्ही मांड्यांवर मारणं सगळ्यात सोपं. दोन हात एकच काम करतात आणि मांडी जागची हलत नाही. त्यानंतर टाळी. टाळीत दोन्ही हात हवेत एकमेकांना शोधत असतात, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा अवघड असते. मग उजवा-डावा, उजवा-डावा असं आलटून पालटून मांडीवर. त्यानंतर "मांडी-टाळी, मांडी-टाळी". पाय आणि टाळी एकत्र हे सगळ्यात शेवटी. साडेतीन वर्षांच्या मुलाला चालता चालता टाळी जमली नाही तर काळजी करू नका. मोठ्यांच्या गरब्यातही ते अनेकांना जमत नाही.

चाळीची गॅलरी किंवा इमारतीचा पॅसेज यासाठी उत्तम. तुम्ही बादलीवर थाप द्या, मूल चालेल. थाप थांबली की पाय थांबले. थापा जलद झाल्या की मूल पळेल. खूप हळू झाल्या की "हत्ती आला" म्हणून जड पावलं टाकेल. नुसत्या बसून वाजवलेल्या टाळीत ज्यांना लय सापडत नाही, अशा कितीतरी मुलांना ती चालताना सापडते.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. गोलात बसायची, पण दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून. टाळी नाही, थाप नाही, आवाजही नाही. बाकीची मुलं वाजवत असताना मी सहज खाली बघितलं, तर तिच्या उजव्या पायाचा अंगठा सतरंजीवर अगदी बिनचूक वरखाली होत होता. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पायापाशी एक पत्र्याचा रिकामा डबा आडवा ठेवला आणि काही बोलले नाही. दोन फेऱ्या तिने नुसतं बघितलं. तिसऱ्या फेरीत अंगठ्याने डबा वाजवला. हात बाहेर यायला आणखी बरेच दिवस गेले. मूल वाजवत नाही म्हणजे त्याला लय कळत नाही असं ठरवण्याआधी त्याची मान, ओठ, पाय नीट बघून घ्या.

पायरी तिसरी : स्टेशनांची नावं

तबल्यात बोल आधी तोंडाने म्हणतात, मग हाताने वाजवतात. "जे म्हणता येतं तेच वाजवता येतं" असं तबला शिकवणारे कायम सांगतात. लहान मुलांनाही हेच लागू होतं, फक्त त्यांचे बोल ओळखीचे असायला हवेत. मुंबईच्या मुलांना स्टेशनांची नावं दिली की दुसरं काही शोधावं लागत नाही. लोकलमधली उद्घोषणा त्यांना पाठच असते.

चार मात्रांचं, म्हणजे सारख्या अंतराच्या चार ठोक्यांचं, एक घर धरा. एका घरात एक स्टेशन. नावाच्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी आणि उरलेल्या मात्रांना हात उघडे, तळवे वर. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांसाठी:

शीव – – –
कुर्-ला – –
वि-क्रो-ळी –
वि-द्या-वि-हार

आणि पश्चिम रेल्वेवाल्यांसाठी:

खार – – –
वां-द्रे – –
अं-धे-री –
वि-ले-पार्-ले

एक, दोन, तीन, चार टाळ्या. पहिल्या दिवशी चौघांपैकी फक्त चौथं घ्या, कारण त्यात थांबायचं नसतं. मग तीन टाळ्यांचं, मग दोनचं. "शीव" किंवा "खार" सगळ्यात शेवटी. एक टाळी आणि मग तीन मात्रा गप्प राहणं हे चार टाळ्या वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मुलं "शीव" म्हणतात आणि लगेच दुसरी टाळी मारून मोकळी होतात. इथे आपल्या संगीतातली एक जुनी सोय कामाला येते. टाळी आणि खाली. खालीच्या जागी आपण हात नुसता थांबवत नाही, तो बाजूला उघडून दाखवतो. म्हणजे न वाजणाऱ्या मात्रेलाही हाताची हालचाल मिळते. लहान मुलाला रिकामी जागा मनात मोजता येत नाही, पण हाताने करता येते. "शीव" म्हणून टाळी, मग हात डावीकडे, उजवीकडे, वर. तीन रिकाम्या मात्रा, तीन हालचाली. माझ्या मते लय शिकवण्यातली सगळ्यात मोलाची युक्ती हीच आहे, आणि ती आपल्या घरातच पडलेली आहे.

हे जमलं की गाडी सोडा. दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, ओळीने, एका घरात एक, न थांबता. मुलं स्वतःच पुढची स्टेशनं जोडतात. ठाण्याला राहणारी मुलं ठाण्यापर्यंत गेल्याशिवाय थांबू देत नाहीत.

आणि मग थोडं पुढे. "दादर माटुंगा, कुर्ला विक्रोळी" असं मधे न थांबता, प्रत्येक तुकड्याला एक मात्रा देऊन म्हणून बघा. दोन-तीन-दोन-तीन, एकूण १० मात्रा. तबल्यातल्या झपताल या तालाचे खंड, म्हणजे भाग, हेच: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. "अंधेरी, माहीम, दादर" म्हणा. तीन-दोन-दोन, ७ मात्रा, म्हणजे रूपक ताल: ती ती ना, धी ना, धी ना. "विक्रोळी माटुंगा" म्हटलं की दादऱ्याच्या ६ मात्रा झाल्या आणि "विलेपार्ले" दोनदा म्हटलं की केरव्याच्या ८.

सात आणि दहा मात्रा मुलांना अवघड जातील असं समजून आपण त्या पुढे ढकलतो. तसं करू नका. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांच्या २००५ च्या अभ्यासात, साध्या पाश्चात्त्य ठेक्यांवर वाढलेल्या उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन संगीतातल्या विषम ठेक्यांमधला बदल कळत होता. बारा महिन्यांच्या बाळांना मात्र तो कळेनासा झाला होता, आणि काही दिवस तसं संगीत ऐकवल्यावर त्यांना तो पुन्हा कळायला लागला. जे कानावर पडतं त्याला कान धरून ठेवतो. आपल्याकडे रूपक आणि झपताल मुबलक आहेत. ते लहानपणी नुसते कानावर पडू द्या, वाजवून घ्यायची घाई नको. मोठ्यांसाठी एक गोष्ट सांगते: रूपकात समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच, खाली येते, त्यामुळे तिथे हात उघडून सुरुवात करायची. मुलांना याचं काहीच वाटत नाही. बुचकळ्यात पडतात ते पालक.

पायरी चौथी : घरातल्या वस्तू

आता बादली परत आणा. प्लॅस्टिकची बादली पालथी घालून बुडाच्या मध्यभागी तळव्याने मारली की घुमणारा, जाड आवाज येतो. काठावर बोटांनी मारलं की टणक, बारीक आवाज येतो. एकाच वस्तूतले हे दोन आवाज मुलाला स्वतः शोधू द्या. डग्गा आणि तबला यांच्यातलं नातं ते इथेच समजून घेतं. मग त्यांना नावं द्या: "धूम" आणि "टक". "धूम टक, धूम टक" म्हणत वाजवणं, मग "धूम टक टक". तुम्ही नुसतं तोंडाने म्हणा आणि मुलाला वाजवू द्या, मग मुलाने म्हणायचं आणि तुम्ही वाजवायचं. मुलांना दुसरा भाग जास्त आवडतो.

करवंट्या दोन घ्या, कडा कानशीने किंवा सँडपेपरने गुळगुळीत करा, बाहेरच्या शेंड्या खरवडून काढा. तोंडाला तोंड लावून वाजवल्या तर एक आवाज, पाठीवर पाठ आपटली तर दुसरा. लहान हातात बसतात, आवाज गोड असतो आणि शेजारी तक्रार करत नाहीत. माझ्या यादीत करवंटीचा नंबर पहिला.

स्टीलची ताटं मी शक्यतो देत नाही. ताट वाजलं की त्याचा आवाज रेंगाळतो आणि पुढची थाप त्या घुमण्यात बुडून जाते. मुलाला आपली थाप कुठे पडली तेच ऐकू येत नाही. द्यायचंच असेल तर ताटाखाली टॉवेलची घडी ठेवा.

खुळखुळा करायचा असेल तर मुलाच्या मुठीत मावणारी छोटी प्लॅस्टिकची बाटली घ्या, पूर्ण कोरडी. पावभागच भरा. जास्त भरली तर आवाज दबतो. मोहरीचा आवाज सळसळता, तांदळाचा मध्यम, हरभऱ्याचा खणखणीत. झाकणाच्या आट्यांना गोंद लावून घट्ट फिरवा आणि वरून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती फुटलेली किंवा सैल झाकणाची बाटली कधीच देऊ नका. एक हरभरा घशात किंवा नाकात जायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात कडधान्याला कीड आणि बुरशी लागते. भरण्याआधी कोरडं भाजून घ्या आणि गणपतीनंतर बाटल्या बदला. डब्यावर फुगा ताणून ढोल करण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण फाटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलासाठी फार धोक्याचा असतो. त्याऐवजी रुंद तोंडाच्या डब्यावर पॅकिंगची चिकटपट्टी आडवी-उभी, ताणून, तीन-चार थरांत लावा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने वाजवली तर सुंदर आवाज येतो.

खुळखुळा हलवायला सोपा, पण लयीत वाजवायला कठीण. हात पुढे जाताना एक आवाज, मागे येताना दुसरा, आणि सगळा नुसता "छळछळछळ" होतो. म्हणून बाटली एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर आपटायला शिकवा. "छक्" असा एकच तुटक आवाज येतो आणि मुलाला लगेच फरक कळतो.

गोलात बसून खेळायचा एक खेळ आमच्याकडे कधीच जुना होत नाही. प्रत्येकाकडे वेगळी वस्तू. सगळे मिळून चार मात्रा वाजवतात, पुढच्या चार मात्रा एकच मूल एकटं वाजवतं, मग पुन्हा सगळे, मग शेजारचं. एकट्याच्या पाळीत त्याने काहीही वाजवावं, चूक नावाची गोष्ट नाही. अट एकच, पुढच्या समेवर सगळ्यांबरोबर परत यायचं. घरात तीन माणसं असली तरी हा खेळ होतो.

पायरी पाचवी : खरी वाद्यं

खंजिरी हे पहिलं वाद्य म्हणून चांगलं, साधारण चार वर्षांपासून. डाव्या हातात घट्ट धरून उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. हलवायची नाही, कारण हलवली की तिचाही खुळखुळा होतो.

टाळ देताना मोठ्यांचे जाड पितळी टाळ देऊ नका. मनगट दुखतं आणि बोट चेमटतं. पूजेच्या साहित्याच्या दुकानात लहान मंजिऱ्या मिळतात, त्या घ्या. दोरी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधून घेतली की टाळ मोकळा लोंबतो. खालचा टाळ स्थिर, वरचा त्याच्यावर किंचित तिरका, कडेवर टेकवायचा. दोन्ही टाळ समोरासमोर सपाट आपटले तर मधे हवा कोंडते आणि नुसता "थप्" होतो. मुलाला दोन्ही प्रकारे वाजवून दाखवा आणि कुठला आवडला ते त्यालाच विचारा. मग टाळ वाजवून लगेच छातीशी दाबून आवाज बंद करायला शिकवा. "छन्" आणि "छक्", उघडा आणि मिटलेला. एवढं आलं की पुढच्या आरतीत मूल नुसतं गोंगाट करणार नाही, साथ करेल.

ढोलकी पाच-सहा वर्षांनंतर. गणपतीच्या आधी लालबाग, परळ, दादर भागात रस्त्यावर छोट्या ढोलक्या विकायला असतात. घेताना दोन्ही बाजूंवर एकेक थाप मारून बघा. दोन्हीकडून सारखाच आवाज आला तर ती शोभेची आहे, घेऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने कातडं सैल पडतं. कोरड्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि उघडीप पडली की थोडा वेळ वाऱ्यावर ठेवा. गॅसवर शेकवणं नको, कातडं तडकतं. मुलाला मांडीवर ढोलकी सांभाळायला लावू नका. जमिनीवर ठेवून दोन्ही बाजूंना उशा लावा, म्हणजे त्याचे दोन्ही हात मोकळे राहतील.

वरचेवर येणाऱ्या अडचणी

मूल वाजवता वाजवता वेग वाढवत नेतं. सगळीच मुलं हे करतात. "हळू, हळू" असं ओरडण्याने वेग वाढतोच. तुम्ही वाजवणं थांबवून नुसतं तोंडाने स्टेशनांची नावं म्हणायला लागा. आवाज कमी झाला की मूल ऐकायला लागतं आणि परत येतं.

मूल फक्त जोरजोरात आपटतं. त्याला दोन मिनिटं आपटू द्या, त्याची ती गरज असते. मग "उंदीर झोपलाय" म्हणून इतकं हळू वाजवा की जेमतेम ऐकू येईल. हळू आवाजात लय धरणं मुलांना मनापासून आवडतं. ते त्यांना जमतं यावर मोठ्यांचा सहसा विश्वास बसत नाही.

मोठ्या आवाजाने मूल कान झाकतं किंवा रडतं. त्याला हट्टी समजू नका. त्याला दाराजवळ बसू द्या, करवंट्या किंवा मांडीवरची थाप एवढंच द्या, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशापासून लांब ठेवा. खरं तर सगळ्याच लहान मुलांना लांब ठेवावं. ज्या आवाजात तुम्हाला शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तो मुलाच्या कानासाठी घातक आहे. कान झाकणारे इअरमफ आता सहज मिळतात.

ज्या मुलांना कमी ऐकू येतं, त्यांना या सगळ्यातून वगळू नका. बादली त्यांच्या मांडीवर पालथी ठेवा, तुमची थाप त्यांच्या पायाला आणि पोटाला जाणवू द्या. स्कॉटलंडच्या तालवादक इव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. त्या कंप जाणवावेत म्हणून अनवाणी वाजवतात आणि जगभर कार्यक्रम करतात.

तबल्याचा क्लास कधी?

हा प्रश्न मला पालकसभेत हमखास विचारला जातो. वयापेक्षा तीन गोष्टी बघा. मूल पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसतं का, बोल तोंडाने म्हणायला त्याला आवडतं का, आणि तुमच्याबरोबर चार-पाच मिनिटं एक लय धरू शकतं का. बहुतेक मुलांत हे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान जुळून येतं. तोपर्यंत हातही तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, पुरायला लागलेला असतो. क्लास बघायला जाल तेव्हा गुरुजी लहान मुलांकडून आधी बोल म्हणवून घेतात का, हाताने ताल धरायला लावतात का, हे जरूर बघा. पहिल्याच दिवशी थेट तबल्यावर बसवून त्रितालाचे १६ बोल घोकायला लावत असतील तर दुसरीकडे चौकशी करा.

ढोल-ताशा पथकात जायचा हट्ट मुंबईतली मुलं सातव्या-आठव्या वर्षीच करायला लागतात. कमरेला बांधायचा ढोल जड असतो, त्या वयाच्या पाठीला आणि कानाला तो सोसत नाही. पथकाच्या सरावाला संध्याकाळी घेऊन जा, लांब उभं राहून बघू द्या, आणि टोल या पथकातल्या धातूच्या वाद्याच्या प्रत्येक ठोक्याला मुलाबरोबर तुम्हीही टाळी द्या.